गालावरचे खड्डे आणि लेझरचं पॅकेज

प्रश्न: मुलगा २४ वर्षांचा, वजन ६० किलो, वेर्ण्याला कंपनीत नोकरी. गालांवर अजून गाठीसारखे दुखरे मुरूम येतात, जुन्यांचे खड्डे राहिलेत. डिसेंबरात लग्न आहे. एका क्लिनिकने लेझरच्या सहा बैठकांचं पॅकेज सांगितलं. ऑपरेशनने खड्डे जातील का? - एक वाचक, फोंडा

उत्तर: पॅकेजचे पैसे आत्ता भरू नका. नवे मुरूम येत असताना खड्डे बुजवायला घेतले, तर एक भरेस्तोवर दुसरा पडतो. गाठी चिरून पिळणं तर टाळाच. दाह आणखी खोल जातो आणि व्रण मोठा राहतो. एखादी गाठ फारच फुगली तर त्वचारोगतज्ज्ञ तिच्यात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं पातळ इंजेक्शन देतात, साधारण २.५ ते ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. ते कडक पडलं तर तिथेच नवा खळगा होतो.

मुळावरचा इलाज आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा. किलोमागे एकूण १२० मिलिग्रॅम हे नेहमीचं लक्ष्य धरलं, तर तुमच्या मुलाला ७२०० लागतील. रोज ३० मिलिग्रॅमने आठ महिने. लिव्हर आणि चरबीची रक्ततपासणी करूनच सुरुवात करायची. हे वाचणाऱ्या मुलींनी लक्षात ठेवावं: या गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर व्यंग येण्याचा मोठा धोका असतो.

खड्ड्यांचं म्हणाल तर सगळ्यांना एकच लेझर लावणं मला पटत नाही. बाजूने दिवा धरून, त्वचा ताणून बघावं लागतं. ताणल्यावर सपाट होणाऱ्या पसरट खड्ड्यांना खालून तंतू खेचून धरत असतात. तिथे सबसिजन: गाल बधिर करून १८ गेजची सुई त्वचेखाली आडवी सरकवतात आणि ते तंतू तोडतात. तुटताना करकर ऐकू येते, घाबरू नये. जांभळे डाग आठवडा-दोन आठवडे राहतात.

अरुंद, खोल भोकांना लेझर तळापर्यंत पुरत नाही. तिथे ७० ते १०० टक्के टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक) अ‍ॅसिड टूथपिकच्या टोकाने फक्त तळाला लावतात; काही सेकंदांत तो ठिपका पांढरा पडतो. काठाला लागलं तर भोक रुंदावतं, म्हणून हे घरी कधीच नाही. खपली आठवडाभरात पडते, चार-सहा आठवड्यांनी पुन्हा करतात. उभ्या काठाचे खोल खड्डे पंच नावाच्या गोल धारदार हत्याराने कापून वर उचलतात, किंवा खड्डाच काढून ती जागा टाक्याने शिवतात. फ्रॅक्शनल लेझर (त्वचेवर बारीक बारीक ठिपक्यांत मारलेलं लेझर) किंवा मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) शेवटी, पोत सारखा करायला.

आपल्या सावळ्या कातडीला मुख्य धोका काळे डाग पडण्याचा. लेझरची ताकद जास्त झाली किंवा नंतर ऊन लागलं की ते सहज पडू शकतात. एसपीएफ ३० ते ५० चं सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीएवढं घ्यायचं, उन्हात दर दोन तासांनी पुन्हा; पावसाळी ढगांतही. सबसिजननंतर गालावर दाबणारं हेल्मेट आठवडाभर त्रास देतं, तेव्हा त्या दिवसांत स्कूटर नको, बसने किंवा गाडीने जावं. ओठांवर तापाचे फोड (हर्पिस) येत असतील किंवा जखमांचे व्रण फुगत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

डिसेंबरपर्यंत मुरूम आटोक्यात आणणं एवढंच धरा. सबसिजन करायचंच असेल तर लग्नाआधी किमान सहा आठवडे. खड्डे कमी होतात, पुसले जात नाहीत. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्वचारोग विभाग आहे, तिथे आधी दाखवून घ्या. पुढे लेझर घ्यायचंच ठरलं तर आधी कानाजवळच्या छोट्या जागेवर करून महिनाभर बघा, मगच पूर्ण गाल.