'युनियनिस्ट' म्हणजे 'संघवादी' का?

प्रश्न असा आला आहे: स्कॉटलंडच्या राजकारणावर मराठीत लिहिताना 'युनियनिस्ट'ला 'संघवादी' म्हणावं का, आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीला, म्हणजे एसएनपीला, 'फुटीरतावादी' म्हणणं बरोबर आहे का?

स्कॉटलंडने ब्रिटनमध्येच राहावं म्हणणारे ते युनियनिस्ट, आणि तो स्वतंत्र व्हावा म्हणणारा पक्ष एसएनपी. दोन्ही शब्द टाळावेत असं माझं मत आहे. दुसऱ्या शब्दाबाबत तर जरा आग्रहानेच सांगतो.

आधी 'संघवादी'. नुसतं 'संघ' म्हटलं की मराठी वाचकाला पहिल्यांदा राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आठवतो, पण ते बाजूला ठेवलं तरी अडचण उरतेच. 'संघ'वरून आपण 'संघराज्य' हा शब्द केला आणि तो 'फेडरेशन'साठी पक्का रुळला. ब्रिटन संघराज्य नाही. ते व्हावं असं म्हणणारा पक्ष तिथे आहे, लिबरल डेमोक्रॅट. त्यांना काय म्हणणार? स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर २०१४मध्ये झालेल्या सार्वमतात हाच पक्ष स्वातंत्र्याच्या विरोधात, म्हणजे युनियनिस्टांच्या बाजूला उभा होता. 'संघवादी' शब्द वापरला तर त्यांची भूमिका सांगताना एकच शब्द दोन अर्थांनी येईल आणि वाचक गोंधळेल.

मुळात ही 'युनियन' कोणती? १६०३मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला तेव्हा राजा एक झाला, पण संसदा दोनच राहिल्या. त्याही १ मे १७०७ रोजी गेल्या आणि ग्रेट ब्रिटनची एकच संसद लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरला आली. त्याआधी पनामात डेरिएन इथे वसाहत करण्याचा स्कॉटलंडचा बेत साफ फसला होता आणि त्यात देशाची मोठी पुंजी बुडाली होती. म्हणून करारात स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंडांची भरपाईही कबूल झाली. कायदा, चर्च आणि शिक्षण मात्र स्कॉटलंडने आपल्याकडेच ठेवलं. दोन घटकराज्यांनी मिळून संघराज्य केलं असं इथे काही झालेलं नाही. दोन संसदांचं विलीनीकरण झालं. स्कॉटिश माणूस या गोष्टीकडे कसा बघतो ते १२ मे १९९९ रोजी दिसलं. नव्या स्कॉटिश संसदेच्या पहिल्या बैठकीत एसएनपीच्या ज्येष्ठ सदस्य विनी युइंग यांनी जाहीर केलं, की २५ मार्च १७०७ रोजी तहकूब झालेली स्कॉटलंडची संसद आता पुन्हा भरत आहे. 'तहकूब' म्हणजे मोडलेली नव्हे, थांबलेली. एसएनपीची अख्खी भूमिका त्या एका शब्दात आली.

आता पक्षांकडे येऊ. 'युनियनिस्ट' हे पक्षीय नाव आधी गाजलं ते आयर्लंडवरून. १८८६मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने आयर्लंडला होमरूल देण्याचं विधेयक आणलं आणि त्याचाच लिबरल पक्ष फुटला. विरोधात गेलेले 'लिबरल युनियनिस्ट' १९१२मध्ये हुजूर पक्षात सामील झाले. म्हणूनच त्या पक्षाचं अधिकृत नाव आजही 'कॉन्झर्व्हेटिव्ह अँड युनियनिस्ट पार्टी' असं आहे. स्कॉटलंडमध्ये तर १९६५पर्यंत तो नुसताच 'युनियनिस्ट पार्टी' होता. टिळकांनी १९१६मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन केली ती याच आयरिश चळवळीचा शब्द घेऊन. 'होमरूल' आपण जसाच्या तसा घेतला आणि पचवला. त्याच्या विरोधकांचं नाव घेण्याची वेळ मात्र मराठीवर कधी आली नाही, त्यामुळे ती जागा रिकामी राहिली.

ती भरावी लागते, कारण ही छावणी पक्षांच्या भिंती ओलांडते. लेबर आणि हुजूर एकमेकांचे हाडवैरी, पण २०१४मध्ये दोघे 'बेटर टुगेदर' या एकाच प्रचारमोहिमेत होते आणि तिचं नेतृत्व लेबरच्या अॅलिस्टर डार्लिंग यांच्याकडे होतं. ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी ते जिंकले. किंमत मात्र एकट्या लेबरने मोजली. हुजूर पक्षाशी हातमिळवणी केली म्हणून 'लाल टोरी' (लाल हा लेबरचा रंग, टोरी म्हणजे हुजूर पक्षवाले) अशी त्यांची हेटाळणी झाली. लेबरचा बालेकिल्ला असलेल्या ग्लासगोने सार्वमतात स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला होता, आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत स्कॉटलंडमधल्या लेबरच्या जागा ४१वरून १वर आल्या. ५९पैकी ५६ एसएनपीला मिळाल्या. डावे-उजवे हा भेद मागे पडून युनियन हवी की नको यावर मतं वाटली गेली. हे सगळं मराठीत सांगायचं तर 'लेबर', 'हुजूर' या नावांवर भागत नाही.

'फुटीरतावादी' बद्दल. हा शब्द आपल्याकडे काश्मीर आणि खलिस्तानच्या बातम्यांतून आला आहे आणि येताना बंदुकीचा वास घेऊन आला आहे. एसएनपी १९३४पासून निवडणुका लढवते आणि २००७पासून स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिनबरोत, सत्तेवर आहे. २०१४चं सार्वमत लंडनच्या सरकारशी रीतसर करार करून घेतलं गेलं. पुन्हा सार्वमत घेण्याचा कायदा स्कॉटिश संसद स्वतःच्या अधिकारात करू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये सांगितलं, तेव्हा पक्षाने तो निर्णय मानला. तिथेही 'सेपरेटिस्ट' म्हणतात, पण ते विरोधक म्हणतात. तो शब्द बातमीत आपला म्हणून वापरला की आपण एका बाजूला जाऊन बसलो.

शब्दांबद्दल तिथे किती जागरूकता होती पाहा. एसएनपी सरकारने सार्वमताचा प्रश्न आधी असा काढला होता: 'स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा याच्याशी आपण सहमत आहात का?' निवडणूक आयोगाने 'सहमत आहात का' हे शब्द मतदाराला 'हो'कडे ढकलतात म्हणून हरकत घेतली. ते काढले गेले आणि मतपत्रिकेवर 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?' एवढंच आलं. 'स्वतंत्र' हा शब्द मात्र दोन्ही बाजूंना मान्य होता. तेव्हा मराठीत 'स्वातंत्र्यवादी' लिहायला काहीच हरकत नाही. 'राष्ट्रवादी' टाळावं: पक्षाच्या नावात 'नॅशनल' आहे, 'नॅशनलिस्ट' नाही, आणि आपल्याकडे 'राष्ट्रवादी जिंकली' म्हटलं की भलतंच चित्र उभं राहतं.

युनियनिस्टांसाठी मी 'अखंड ब्रिटनवादी' सुचवेन. वेगळ्या विदर्भाच्या वादात 'विदर्भवादी' आणि 'अखंड महाराष्ट्रवादी' ही जोडी मराठी वाचकाला ओळखीची आहे, तिच्यावरच ही घडवता येते. 'ऐक्यवादी' आटोपशीर आहे खरा, पण ऐक्य कुणाला नको असतं? तो शब्द कौल आधीच देऊन टाकतो. 'अखंड ब्रिटनवादी'त नुसती मागणी कळते. वापरून बघा: '२०२४मध्ये अखंड ब्रिटनवादी लेबरने स्कॉटलंडमध्ये ३७ जागा घेतल्या, स्वातंत्र्यवादी एसएनपी ९वर आली.' वाक्य अडखळत नाही.

उत्तर आयर्लंडच्या बातमीत मात्र हा शब्द नेऊ नका. तो भाग ग्रेट ब्रिटनमध्ये येतच नाही, आणि तिथे 'डेमोक्रॅटिक युनियनिस्ट', 'अल्स्टर युनियनिस्ट' अशी पक्षांची नावंच आहेत. तिथे 'युनियनिस्ट' तसाच ठेवावा.