आधी होडीतलं सामान मोजा

प्रश्न : मी काल्पनिक बेटावरच्या लोकांची कादंबरी लिहितो आहे. बेट गोल, मधोमध डोंगर, चहूकडे सारखंच दाट जंगल. दोन हजार वर्षांपूर्वी वादळात भरकटलेली होडी तिथे लागली आणि तिच्यातून ही प्रजा वाढली. मित्र म्हणतो, पटत नाही. काय चुकलं?

उत्तर : मित्राचं खरं आहे. डोंगर राहू द्या, घोटाळा होडीत आहे. वादळात सापडते ती मासेमारीची होडी. तिच्यात जाळी, गळ आणि दोन-चार पुरुष. बायका नाहीत, बियाणं नाही. प्रजा वाढायची कशी?

पॅसिफिकमधली माणसं नुसती वाहत पोचली असतील का, हे १९७३ साली वारे आणि प्रवाह संगणकात घालून तपासलं गेलं. हवाई, न्यूझीलंड, ईस्टर बेट यांपैकी कुठेही वाहत जाणं जवळपास अशक्य निघालं. लोक ठरवून निघाले होते, अळूचे कंद आणि जनावरं बरोबर घेऊन. तेव्हा आधी होडीतल्या सामानाची यादी करा, मग त्यातलं काय तगलं नाही ते खोडा. न्यूझीलंडमध्ये कुत्रा आणि उंदीर टिकले, डुक्कर आणि कोंबडी नाही. तुमच्या बेटावर डुक्कर कुणी पाहिलेलं नाही, पण आजीच्या शिवीत ते अजून आहे, असं करून बघा. मला तरी असल्या एका शिवीत दहा पानांच्या वंशावळीपेक्षा जास्त इतिहास दिसतो.

आता नकाशा. त्यावर वाऱ्याचा बाण कुठे आहे? वारा बहुतेक एकाच दिशेने येत असेल, तर डोंगराच्या त्या अंगाला पाऊस, पलीकडचं अंग कोरडं. हवाईत ओल्या अंगाला अळूची खाचरं होती, कोरड्या अंगाला रताळी. एकाच बेटावर दोन जेवणं, म्हणजे सोयरिकीपासून भांडणापर्यंत सगळं आलं. (मीही तरुणपणी एक बेट रचलं होतं. त्यातली नदी एका किनाऱ्यावर उगम पावून डोंगर चढून दुसऱ्या किनाऱ्याला जायची. पुढे भूगोल शिकवायला लागलो आणि ती वही माळ्यावर गेली.)

दोन हजार वर्षं चालतील, पण ती एकसलग नकोत. पॅसिफिकमधल्या टोंगा-सामोआ या बेटांवर माणूस सुमारे २८०० वर्षांपूर्वी पोचला, न्यूझीलंडला तेराव्या शतकाच्या सुमारास. मधे कित्येक शतकं होड्या पूर्वेला पुढे गेल्याच नाहीत. तुमची माणसं कधी आणि का थांबली?

आणि विसरली काय? न्यूझीलंडहून चॅटम बेटांवर गेलेल्यांचं रताळं तिथल्या थंडीत येईना. शेती सुटली, ते मासे, सील आणि पक्ष्यांवर जगले. मोठ्या होडीजोगं लाकूडही नव्हतं, म्हणून देठांच्या मोळ्या बांधून तराफे केले. त्यांत पाणी सरळ आत यायचं, तरी ते तरंगायचे. तुमच्या बेटावरचं शेवटचं मोठं झाड कुणी तोडलं, ते मला कळवा.