हिटलरनंतर जर्मनीत कुणाचं सरकार होतं?

तुम्ही विचारलंय, हिटलरने आत्महत्या केल्यावर जर्मनीत सरकार उरलं होतं का. होतं, आणि ते २३ दिवस टिकलं. शाळेत मीही ‘हिटलर मेला, युद्ध संपलं’ एवढंच शिकलो होतो.

३० एप्रिल १९४५ ला मरण्यापूर्वी हिटलरने मृत्युपत्रात नौदलप्रमुख कार्ल डॉनिट्झला राष्ट्राध्यक्ष आणि प्रचारमंत्री गोबेल्सला चॅन्सेलर (म्हणजे पंतप्रधान) नेमलं. गोबेल्सने दुसऱ्याच दिवशी जीव दिला. डॉनिट्झ डेन्मार्कच्या सीमेजवळच्या फ्लेन्सबुर्गला गेला आणि तिथल्या नौदल अकादमीतून कारभार सुरू झाला. श्वेरिन फॉन क्रोसिक मुख्य मंत्री, हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री श्पेअर आता अर्थव्यवस्थेचा मंत्री. अन्नखातं हर्बर्ट बाकेकडे! सोव्हिएत जनतेला उपाशी मारून जर्मनीची कोठारं भरायची योजना ज्याने आखली, तोच हा. रोज सकाळी दहा वाजता वर्गाच्या एका खोलीत मंत्रिमंडळ बसायचं. सभोवती ब्रिटिश फौजा, हुकूम चालायचा तो गावापुरता.

डॉनिट्झची बाजू घेणारे म्हणतात, त्याने शरणागती लांबवली म्हणून पूर्वेकडचे लाखो निर्वासित आणि सैनिक रशियनांच्या हाती लागले नाहीत. त्यात तथ्य आहे. पण तेवढ्यावरून हे सरकार सभ्य ठरवणं मला पटत नाही, आणि त्याचं कारण तीन खलाशी आहेत.

४ मे रोजी ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीपुढे उत्तर-पश्चिमेकडच्या जर्मन फौजांनी शरणागतीवर सही केली. ती दुसऱ्या दिवशी लागू झाली. युद्ध संपलं असं समजून डेन्मार्कमधल्या तुकडीतले काही खलाशी रात्री घराकडे निघाले. ते पकडले गेले. ८ मे रोजी साऱ्या जर्मनीने शस्त्रं खाली ठेवली. ९ तारखेला जर्मन नौदलाच्या कोर्टाने त्यांतल्या तिघांना पळपुटे ठरवून मृत्युदंड दिला आणि १० मे रोजी, फ्लेन्सबुर्गजवळच्या गेल्टिंगच्या उपसागरात, जहाजाच्या डेकवर त्यांना गोळ्या घातल्या. प्रेतं समुद्रात सोडली. शांतता होऊन दोन दिवस उलटले होते. नौदल अजून डॉनिट्झच्याच हुकमात होतं आणि शिक्षा थांबवणं त्याच्या एका आदेशाचं काम होतं.

२३ मे रोजी दोस्त राष्ट्रांनी डॉनिट्झला ‘पाट्रिया’ जहाजावर बोलावून सांगितलं, तुमचं सरकार बरखास्त, तुम्ही कैदी. त्याला न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात १० वर्षांची शिक्षा झाली. ती भोगून तो १९५६ मध्ये सुटला आणि १९८० पर्यंत, वयाच्या ८९ व्या वर्षापर्यंत जगला.