एटीआरची ऑफर सोडून एअरबससाठी थांबू नका

तुम्ही लिहिलंय: सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) झालं, उड्डाणाचे २१० तास आहेत, एटीआर ७२ या प्रोपेलरच्या (टर्बोप्रॉप) विमानासाठी निवड झाली आहे, पण मित्र सांगतात की थांबा, एअरबसच्या ए३२० जेटची भरती निघेलच, तोवर पदरचे पैसे घालून रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवायची पात्रता) करून ठेवा. नेमका इथेच माझा पाय घसरला होता, म्हणून सविस्तर लिहितो. परीक्षा, मेडिकल वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे.

आधी रेटिंगचं. नोकरी हातात नसताना ए३२० चं रेटिंग विकत घेऊ नका. सिम्युलेटरचे तास होतात, प्रमाणपत्र मिळतं, पण खऱ्या विमानावरची लँडिंग्ज आणि त्यानंतरचं लाइन ट्रेनिंग (नेहमीच्या प्रवासी उड्डाणांवरचं शिक्षण) विमान कंपनीशिवाय होत नाही. म्हणजे लाखो रुपये घालूनही काम अर्धंच राहतं. मग सराव सुटतो. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेर न दिसता उपकरणांवर उडण्याच्या पात्रतेची) मुदत वर्षाची, ती राखायला पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा खर्च. भरती निघते तेव्हा बऱ्याच कंपन्या आपल्याच पद्धतीने पुन्हा शिकवतात. "आमच्याकडून रेटिंग केलं की नोकरी नक्की" असं सांगणाऱ्या संस्थेचं नाव घेत नाही. पैसे भरल्यावर त्यांच्या कार्यालयाकडून एका पत्राचंही धड उत्तर आलं नाही. कुणी अशी हमी देत असेल तर ती करारात लिहून मागा, पैसे परत मिळण्याच्या अटीसकट. लिहून देत नसतील तर उठून या.

आता विमानाबद्दल. एटीआर म्हणजे धाकटं विमान, हा समज काढून टाका. ते १६ ते २० हजार फुटांवर उडतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळीही साधारण तिथेच असते. जेट त्या थरातून काही मिनिटांत वर निघून जातं, एटीआर तासभर त्यातच असतं. म्हणून बर्फाचा अभ्यास पाठांतरावर सोडू नका. आइसिंगमध्ये (विमानावर बर्फ धरत असताना) किमान वेग वाढतो तो का, 'डिग्रेडेड पर्फ'चा (विमानाची क्षमता घटल्याचा) इशारा कधी येतो, बाजूच्या काचेच्या न तापणाऱ्या भागावर बर्फ धरला तर ऑटोपायलट का सोडायचा, हे पहिल्या महिन्यातच पक्कं करा.

एटीआरला ऑटोथ्रॉटल (इंजिनाची पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नाही. पॉवर वाढवली की नाक डावीकडे ओढतं, उजवा पाय द्यावा लागतो. वेग बदलला की ट्रिम (विमानाचा तोल) पुन्हा जुळवायचं. चार-पाच सेक्टरच्या (उड्डाणांच्या) दिवसात हे हातापायांत मुरतं. आणि लीव्हर. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआरचा एक प्रोपेलर आपोआप फेदर झाला (पाती वाऱ्याला समांतर वळून ओढ थांबली) आणि कॅप्टनने चांगल्या इंजिनाची पॉवर कमी केली. १५ जानेवारी २०२३ ला नेपाळमधल्या पोखऱ्यात एका एटीआरवर फ्लॅपच्या (पंखामागच्या पट्ट्यांच्या) लीव्हरऐवजी दोन्ही कंडिशन लीव्हर (प्रोपेलर फेदर करणारे) मागे गेले; विमानातले सर्व ७२ जण गेले. लीव्हरला हात लावण्याआधी नाव उच्चारायचं, समोरच्याने दुजोरा द्यायचा, मगच हलवायचा. ही सवय टर्बोप्रॉपवर लागली तर जन्मभर पुरते.

पुढे एअरबसवर जाल तेव्हा अडचण वेगळीच येईल. एटीआरवर पॉवर फ्लाइट आयडलला (हवेतल्या किमान पातळीला) आणली की प्रोपेलर ब्रेकसारखा धरतो, त्यामुळे उशिरा खाली यायला लागलं तरी निभावतं. ए३२० निओ (ए३२० चीच नवी आवृत्ती) तसं करत नाही. खाली येणं आणि वेग कमी करणं एकाच वेळी त्याला जड जातं. हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल हा हिशेब दोन्हीकडे तोच, पण १७ हजारांवरून ५१ मैल आणि ३५ हजारांवरून १०५. टर्बोप्रॉपवरून येणारे बहुतेक जण पहिले काही दिवस उंच आणि वेगात सापडतात. एअरबसवर एरवी आपोआप होणाऱ्या ट्रिमकडे हात जातो, थ्रस्ट लीव्हर (पॉवरचे) हलवावेसे वाटतात. पंधरा-वीस सेक्टरमध्ये हे सुटतं. पाय मात्र झोपू देऊ नका. इंजिन बंद पडलं की तेच लागतात.

माझ्या मते खरा निर्णय विमानाचा नाहीच, कंपनीचा आणि कराराचा आहे. इंडिगोसारख्या कंपनीकडे एटीआर आणि एअरबस दोन्ही आहेत. अलायन्स एअर किंवा गोव्याची फ्लाय९१ इथे टर्बोप्रॉपच. जळगाव, सिंधुदुर्ग अशा मार्गांवर उडायची आवड असेल तर त्यात कमीपणा काहीच नाही, पण जेटवर जायला कंपनी बदलावी लागेल. को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभराची नोटीस, हा डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नियम हिशेबात धरा. दोन्ही ताफे असतील तर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेवर की ताफ्यावर, ताफा बदलल्यावर बाँड (ठराविक काळ नोकरी न सोडण्याची हमी) नव्याने सुरू होतो का, आणि एटीआरवर कमांड (कॅप्टनपद) घेतली तर जेटवर पुन्हा को-पायलट म्हणून बसावं लागतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'हो' येतं. तेव्हा आर्थिक गणित त्यावर मांडा.

परदेशाचा विचार असेल तर जाहिराती आजपासूनच वाचत चला. काही कंपन्यांना जेटचेच तास हवे असतात, काही विमानाच्या वजनाची अट घालतात. एटीआर ७२-६०० चं कमाल उड्डाण वजन २३ टन आहे, त्यामुळे '२० टनांहून जड विमान' अशी अट असेल तर त्यात ते बसतं. अटी बदलत असतात, माझा शब्द अंतिम धरू नका.

करार वकिलाला दाखवा. मी वकील नाही. घरावर शिक्षणाचं कर्ज असेल तर माझं मत आणखी ठाम आहे: आलेली नोकरी घ्या. सुपरव्हिजनखाली कमांडर म्हणून उडाल, त्या तासांवर कॅप्टनची सही त्याच दिवशी घ्या. एटीपीएलला (कॅप्टन होण्यासाठीच्या परवान्याला) १५०० तास मोजायची वेळ येते, तोवर तो कॅप्टन भलत्याच शहरात, भलत्याच कंपनीत गेलेला असतो.