लहान कुटुंबासाठी गॅस बार्बेक्यू केवढा घ्यावा?

घरात तीन-चारच माणसे असतील, तर दोन बर्नरचा गॅस बार्बेक्यू तुम्हाला पुरेसा आहे. वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांचा विचार करून चार बर्नरचा घेतला, तर एरवी रिकामी जाळी तापवण्यातच गॅस खर्च होतो. एकच बर्नर मात्र घेऊ नये, कारण एका बाजूला प्रखर आच आणि दुसरीकडे मंद आच ठेवता आली, तरच पनीर करपत नाही आणि कणीस आतपर्यंत भाजले जाते.

आपल्या खानदेशात खरी परीक्षा भरताच्या वांग्याची असते. बामणोदची चार मोठी वांगी जाळीवर एकमेकांना न चिकटता मावतील आणि वर झाकण नीट बसेल, एवढी जागा दुकानातच पाहून घ्यावी. वांग्याला सुरीने टोचे मारून तेलाचा हात लावावा आणि देठाजवळचा भाग दाबून मऊ लागेपर्यंत ते फिरवत राहावे. कपाशीच्या काड्यांवरच्या भाजणीचा धुरकट वास गॅसवर तितका उतरत नाही, हे मी मान्य करतो.

बर्नर घरगुती सिलिंडरच्या रेग्युलेटरवर चालणारा आहे, याची खात्री करावी. बार्बेक्यू उघड्या गच्चीवरच ठेवावा. बंदिस्त गॅलरीत तो कधीही पेटवू नये.