युद्धापूर्वीचे गुप्तचर अंदाज का चुकतात?

आपला प्रश्न असा आहे की, हाताशी माहिती असूनही युद्धाच्या तोंडावर गुप्तचरांचे अंदाज का चुकतात आणि ही चूक टाळता येते का. मी उत्तर १९६२ च्या भारत-चीन युद्धाच्या आधारे देतो, कारण त्या वेळी माहितीचा तुटवडा ही मुख्य अडचण नव्हती. तिबेटातील चिनी सैन्याची वाढ आणि नवे रस्ते यांच्या खबरा दिल्लीत पोचत होत्या. मात्र चीन मोठा हल्ला करणार नाही हे आधीच गृहीत धरलेले होते आणि प्रत्येक खबर त्या गृहीतकाच्या चौकटीत बसवली जात होती.

हे गृहीतक सोयीचे होते. सरहद्दीवर रस्ते नव्हते, सैन्याला पुरेशी साधने नव्हती आणि एक इंचही भूमी सोडू नये असा संसदेचा दबाव होता. चीन लढणारच नसेल तर सैन्याची मोठी जुळवाजुळव न करताही चौक्या पुढे नेता येत होत्या. सप्टेंबर १९६१ मध्ये भोलानाथ मलिक यांच्या इंटेलिजन्स ब्युरोने, म्हणजे सरकारच्या गुप्तचर संस्थेने, लडाखबाबत असे मत दिले की, आपली माणसे नाहीत तिथे चिनी पुढे येतात, पण आपले डझनभर जवान जरी असले तरी ते लांब राहतात. हे आतापर्यंतच्या वर्तनाचे निरीक्षण होते. त्याचाच पुढच्या काळाचा भरवसा करण्यात आला. २ नोव्हेंबरच्या बैठकीत चौक्या पुढे नेण्याचे ठरले, तेव्हा त्यांच्या पाठीशी सैन्याची मोठी ठाणी असावीत हेही ठरले होते. डिसेंबरमध्ये सैन्य मुख्यालयाने काढलेल्या आदेशातून नेमकी हीच अट गळाली. मला ही त्या वर्षातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

हे गृहीतक चुकीचे आहे, हे जुलै १९६२ मध्ये लडाखमधल्या गलवान खोऱ्यात उघड दिसायला हवे होते. तिथे उभारलेल्या गोरखा चौकीला चिन्यांनी कितीतरी जास्त सैन्यानिशी वेढा घातला, अगदी जवळ आले, पण गोळी झाडली नाही. चौकीची रसद हवाई मार्गाने सुरू राहिली. चिनी सैन्य एका चौकीभोवती इतक्या वेगाने आणि एवढ्या संख्येने गोळा होऊ शकते, हा त्यातला धोक्याचा भाग होता. दिल्लीने मात्र ते हल्ला करत नाहीत एवढाच अर्थ घेतला. एकदा असा अर्थ लावायची सवय लागली की शत्रूची शांतता पुरावा ठरते आणि त्याची हालचाल ही निव्वळ धमकी ठरते, म्हणजे गृहीतक खोटे पडायला जागाच उरत नाही.

वेगळे सांगणारे लोक नव्हते असेही नाही. मूळचे कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हे सैन्याच्या पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी १९५९ मध्येच चिनी आक्रमणाचा धोका लिहून कळवला आणि मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ या युद्धसरावात तो मांडून दाखवला. सीमेवर हलक्या चौक्या ठेवाव्यात आणि खरी लढाई मागे, आपली रसद पोचते आणि शत्रूची ताणली जाते अशा ठिकाणी द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. थोरातांच्या सांगण्यानुसार संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ती भीती अनाठायी ठरवली. १० ऑक्टोबर १९६२ रोजी पूर्व सरहद्दीवर, आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या नामका चू नदीजवळ त्सेंग जोंग येथे चिन्यांनी मोठ्या ताकदीने हल्ला केला आणि तो तिथल्या भारतीय सैन्याचे सेनापती जनरल कौल यांनी स्वतः पाहिला, तरीही भारताची सातवी ब्रिगेड त्या नदीच्या काठीच राहिली. २० ऑक्टोबरला तिच्यावर आणि गलवानच्या चौकीवर एकाच दिवशी हल्ला झाला.

टाळता येते का, या भागाबद्दल माझे मत असे आहे की केवळ अधिक हेर नेमून किंवा विरोधी मताचा एक अधिकारी बसवून भागत नाही, थोरात होतेच. अंदाज देणाऱ्याने त्याच कागदावर, घटना घडण्याआधी, शत्रूने काय केले तर आपला अंदाज चुकला असे आपण मानू, हे लिहून ठेवले पाहिजे, आणि धोरणात गुंतलेल्या माणसाला ते नंतर बदलता येऊ नये. १९६१ च्या टिपणात ‘डझनभर जवानांच्या चौकीला शेकडो सैनिकांचा वेढा’ असे एक वाक्य असते, तर जुलैमध्येच धोरण थांबवून फेरविचार करावा लागला असता, आणि त्यासाठी हाताशी तीन महिने होते.