मोरी (शार्क) खरंच कातडीतून मुतते का?

प्रश्न: मोरी आणली की धुतानाच नाकात जाणारा वास सुटतो, अगदी अमोनियासारखा. सासूबाई म्हणतात मोरी कातडीतून मुतते, म्हणून तो वास. हे ऐकल्यापासून मुलगी आंबट-तीख (मोरीचं आंबट-तिखट कालवण) ताटात घ्यायलाच तयार नाही. खरं काय? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: ताई, मुलीला सांगा बिनधास्त जेव. मोरीला किडन्या असतात, लघवी बाहेर टाकायला वाटही असते, कातडीचा इथे काही संबंध नाही. पण सासूबाई अगदीच हवेत बोलत नाहीयेत हां, कारण त्या वासाचं मूळ युरियातच आहे, म्हणजे आपण लघवीतून टाकून देतो तोच, फक्त मोरी तो मुद्दाम अंगात साठवून ठेवते.

कशाला? तर समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ, माशाच्या रक्तात त्याहून बरंच कमी, त्यामुळे मिठात घातलेल्या कैरीसारखं माशाच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जातं. बांगडा, इसवण वगैरे मंडळी यावर चक्क समुद्राचं पाणी पितात, जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतात आणि लघवी अगदी थोडी करतात. मोरीची शक्कल वेगळी. तिच्या रक्तात आपल्या पन्नास पटीहून जास्त युरिया असतो, तो आणि मीठ मिळून रक्त समुद्राइतकंच किंवा किंचित जास्तच दाट होतं, मग पाणी बाहेर जायचा प्रश्नच मिटला, उलट थोडं आतच झिरपतं. तिची किडनी तर लघवीत चाललेला बहुतेक युरिया परत ओढून घेते! एवढा युरिया प्रथिनांची वाट लावेल म्हणून ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचं दुसरं एक रसायनही ती अंगात बाळगते, आणि जादा मीठ काढायला आतड्याच्या शेवटाला एक खास ग्रंथी असते.

युरियाला स्वतःला तसा वास नाही. मासा मेल्यावर जंतू त्याचा अमोनिया करतात, म्हणून उशीर झाला, बर्फ कमी पडला की वास वाढतो, आणि फारच झोंबत असेल तर ती मोरी घेऊच नका. आंबट-तीख मोरीचंच का गाजलं याचं एक कारण मला तरी इथेच दिसतं, कारण व्हिनेगर, चिंच, सोलं काहीही घाला, आंबटपणाने अमोनियाचं क्षारात रूपांतर होतं आणि तो हवेत उडत नाही.

प्रश्न: आमच्या खाजनात (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन) मानशीकडे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराकडे, पाणी एप्रिल-मे मध्ये खारट आणि पावसात जवळजवळ गोडं. चोणक मासा मात्र दोन्हीत मजेत. त्याला काहीच होत नाही? (एक वाचक, दिवाडी)

उत्तर: होतं ना, आतली सगळी यंत्रणा उलटी फिरवावी लागते. खाऱ्या पाण्यात तो बांगड्यासारखाच वागतो, पाणी पितो, कल्ल्यांतून मीठ बाहेर. गोड्या पाण्यात उलट पाणीच अंगात घुसत असतं, मग पिणं जवळपास बंद, पातळ लघवी भरपूर, आणि मीठ फेकणारे तेच कल्ले आता पाण्यातलं मीठ आत ओढायला लागतात. कल्ल्यांतल्या पेशी बदलायला वेळ लागतो, म्हणून चोणक पाळणारे पाण्याचा खारटपणा हळूहळू बदलतात, एकदम नाही. बांगड्याला हे जमत नाही, तो खाडीत फार आत शिरतच नाही. बुल शार्कला जमतं, नदीत शिरली की ती रक्तातला युरिया कमी करते.

प्रश्न: पालीच्या लेंडीला पांढरं टोक का असतं? (इयत्ता सातवी, फोंडा)

उत्तर: ते पांढरं म्हणजे तिची लघवीच. चोणकाच्या भोवती पाणीच पाणी, म्हणून विषारी अमोनिया तो कल्ल्यांतून सरळ सोडून देतो. भिंतीवरच्या पालीला तेवढं पाणी कुठलं, ती त्याऐवजी युरिक ॲसिड बनवते, ते पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून थेंबभर पाण्यात खडूसारखं बाहेर पडतं. कावळ्याचंही तेच, गाडीच्या काचेवर बघ.